थंडीत ट्रेलरचा डिझेल हीटर सुरू होत नसेल तर काय तपासायचं?

नागपुरात गाडीमागे कॅराव्हॅन ट्रेलर जोडून फिरणारे अजून मोजकेच आहेत, पण दरवर्षी त्यांत भर पडते आहे. दिवाळी आटोपली की पचमढी, तामिया, चिखलदऱ्याचे बेत ठरतात आणि डिसेंबर लागला की माझ्याकडे फोन सुरू होतात. तक्रार बहुतेकांची एकच असते : "हीटर घरी छान चालला, तिथे रात्री बंद पडला." नवीन माणूस अशा वेळी घाबरतो, कारण बाहेर कडाक्याची थंडी असते, आत लेकरं झोपलेली असतात आणि जवळपास एकही मिस्त्री नसतो.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. यात मुख्यतः डिझेलवर चालणाऱ्या गरम हवेच्या हीटरबद्दल लिहिलं आहे, कारण आपल्याकडच्या ट्रेलरमध्ये बहुतेक तोच बसवतात : वेबास्टो, एबरस्पेशर या जर्मन कंपन्यांचा किंवा त्याच घडणीचा चिनी, २ किंवा ५ किलोवॉटचा. गॅसवरच्या हीटरचा विषय शेवटाकडे थोडक्यात घेतला आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. थंडीत बंद पडलेल्या हीटरमध्ये खुद्द हीटर बिघडलेला असण्याची शक्यता सगळ्यात कमी असते. थंडीने बॅटरीचा जोर कमी होतो, डिझेल जड होतं, रबरी पाइप आखडून जोडाशी सैल पडतो, आणि खापर मात्र यंत्रावर फुटतं. म्हणून तपासणीचा क्रम कायम एकच ठेवा : आधी वीज, मग डिझेल, मग हवा आणि सगळ्यात शेवटी हीटरचं पोट. लोक नेमके उलटे जातात. आधी हीटर खोलतात, ग्लो प्लग (डिझेल पेटवण्यासाठी तापणारा प्लग) बदलतात, आणि दोष निघतो पाच रुपयांच्या क्लिपमध्ये.

सोबत काय ठेवायचं

मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि रोध मोजायचं मीटर, हवाच. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत साधा डिजिटल मीटर सहज मिळतो, आणि या कामाला तो पुरतो. त्याशिवाय पाना-पेंचिसचा छोटा संच, स्क्रू-ड्रायव्हर, डोक्याला लावायची टॉर्च, चांगल्या जाडीची जंपर केबल, हीटरच्या क्षमतेचे दोन-चार फ्यूज, डिझेलच्या पाइपचा हातभर तुकडा, त्याच मापाच्या क्लिपा, एक डिझेल फिल्टर, आणि जाळीसकट एक ग्लो प्लग. पाइप, क्लिपा, फिल्टर यांसाठी अमरावती रोडवर वाडीला जा. तिथे ट्रकचं सामान विकणारे आहेत, आणि डिझेल लाइन म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. जुना पाइप नमुना म्हणून सोबत न्या. ट्रकच्या लाइनचं माप जाड असतं, हीटरची लाइन बारीक असते.

कागदांमध्ये हीटरचं मॅन्युअल, खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड, वायरिंगचा आराखडा आणि ट्रेलरची आरसी व विमा. मॅन्युअलमधल्या एरर कोडच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवाच, कारण घाटात नेटवर्क नसतं आणि कंपनीगणिक कोड बदलतात. एका हीटरवर जो आकडा कमी व्होल्टेजचा, तोच दुसऱ्यावर पंपाचा असू शकतो.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. तो नसेल तर पुढचं काहीही वाचू नका, आधी अलार्म आणा. या वायूला रंग नाही, वास नाही. तो साधारण हवेइतक्याच वजनाचा असल्याने खोलीभर पसरतो, म्हणून अलार्म झोपताना तोंड ज्या उंचीवर असतं तिथे लावायचा, एक्झॉस्ट (धुराचा पाइप) किंवा खिडकीला खेटून नाही. निघण्याआधी त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा, आणि सेलची एक जोडी जादा ठेवा.

१. आधी हीटर चालू होताना काय-काय होतं ते ऐकून ठेवा

ही पायरी नागपुरात, घरासमोर, हीटर ठणठणीत असताना करायची. बटण दाबलं की आधी पंखा हळू फिरतो. मग ग्लो प्लग तापायला लागतो, याला साधारण मिनिटभर. त्यानंतर डिझेल पंप 'टक-टक' करू लागतो. काही क्षण एक्झॉस्टमधून पांढुरका धूर येतो, मग आग धरते, धूर नाहीसा होतो, पंख्याचा आवाज वाढतो आणि आतल्या जाळीतून कोमट हवा येते. सगळं मिळून चार-पाच मिनिटांचं काम आहे.

बंद करतानाही पंखा लगेच थांबत नाही. पंप थांबतो, पण पंखा काही मिनिटं फिरत राहून आतली उष्णता बाहेर काढतो. तेवढा वेळ त्याला द्या. मेन स्विच ओढून हीटर झटकन बंद करण्याची सवय फार वाईट आहे. तापलेलं यंत्र पंख्याविना राहिलं की आतले सेन्सर आणि प्लास्टिक भाजतं, आणि जळायचं राहिलेलं डिझेल बर्नरमध्ये, म्हणजे आग पेटते त्या भागात, काजळी होऊन बसतं.

हा आवाजांचा क्रम कानात बसला की अर्धं निदान तिथेच होतं. कुठल्या टप्प्यावर हीटर अडला ते कळलं, की पुढचं कोणतं पान उघडायचं ते कळतं.

२. वीज : बॅटरी मोजा, पण हीटर चालू होत असताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त हीटर इथेच अडतात.

ग्लो प्लग तापताना हीटर ८ ते १० अँपिअर ओढतो. एकदा आग धरली की हे ओढणं एक-दोन अँपिअरवर येतं. म्हणजे बॅटरीची खरी परीक्षा पहिल्या काही मिनिटांतच होते. शांत बसलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते तेव्हा ती भरलेली, १२.२ च्या आसपास असेल तर अर्धी उतरलेली. पण हा आकडा फसवा असतो. दिवसभर पंखा, दिवे, मोबाइल चार्जिंग केलेली जुनी बॅटरी शांतपणे १२.४ दाखवेल आणि ग्लो प्लगचा भार पडताच १०.५ च्या खाली जाईल. बहुतेक हीटर याच सुमाराला स्वतःला बंद करून घेतात. शिशाच्या बॅटरीची ताकद थंडीत आणखी घटते. गोठणबिंदूच्या जवळ ती उन्हाळ्याच्या मानाने साधारण पाचव्या हिश्श्याने कमी भरते.

म्हणून मोजायचं असं : मीटरच्या दोन्ही पिना थेट हीटरच्या प्लगवर, म्हणजे वायर जिथे यंत्राला जोडली आहे तिथे लावा. सोबतच्या माणसाला हीटर चालू करायला सांगा आणि आकडा बघत राहा. मग हीच मोजणी बॅटरीच्या टोकांवर करा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर बॅटरीची चूक नाही, वायरची आहे.

चिखलदऱ्याला आमच्या शेजारी अमरावतीचं एक कुटुंब उतरलं होतं. हीटर धूर सोडायचा आणि गप्प व्हायचा. काका वैतागून म्हणाले, "ताई, बॅटरी तर नवीच आहे नं, मागच्याच महिन्यात घेतली." खरंच नवी होती. तिच्या टोकांवर भाराखाली ११.९ होते, आणि हीटरच्या प्लगवर १०.६. सव्वा व्होल्ट मधल्या वायरीने खाल्लं होतं. ट्रेलर बांधणाऱ्याने पाच मीटर लांब दीड स्क्वेअर मिलिमीटरची वायर टाकली होती. हिशेब साधा आहे. जाणं-येणं धरून दहा मीटर तांबं, त्याचा रोध साधारण ०.१२ ओहम, आणि त्यातून १० अँपिअर गेले की १.२ व्होल्ट गायब. तीच वायर ४ स्क्वेअरची असती तर अर्ध्या व्होल्टच्या आत काम भागलं असतं, ६ स्क्वेअरची असती तर ०.३ मध्ये. त्या रात्री आम्ही त्यांची गाडी ट्रेलरच्या बॅटरीपाशी आणली, इंजिन चालू ठेवून जंपर केबल लावली, आणि हीटरने पहिल्याच दमात आग धरली. नागपूरला परतल्यावर वायर बदला, एवढंच मग सांगायचं उरलं.

तुम्हीही अडचणीत हेच करा. गाडीचं इंजिन चालू असताना व्होल्टेज १३.५ च्या पुढे जातं. त्यावर हीटर सुरू झाला तर वीज हाच दोष, पुढे खोदायची गरज नाही. फक्त गाडीचा एक्झॉस्ट ट्रेलरच्या दारा-खिडकीकडे नाही ना, ते आधी बघा. आग धरली, हवा गरम यायला लागली, की इंजिन बंद करा. इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही.

गाडी जवळ आणता येत नसेल तर बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी भुकटी खरवडून काढा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घट्ट करा, फ्यूज काढून त्याचे पाय पुसून परत बसवा आणि निगेटिव्ह वायर चॅसीला जिथे जोडली आहे तिथला रंग-गंज घासा. ट्रेलरमध्ये हा चॅसीचा, म्हणजे अर्थचा जोड खाली, चिखलाच्या माऱ्यात असतो, आणि एका पावसाळ्यात तो पार गंजतो.

लिथियमची बॅटरी असणाऱ्यांसाठी वेगळी सूचना : ती थंडीत वीज बऱ्यापैकी देते, पण शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नसतं. विदर्भात तशी वेळ सहसा येत नाही. स्पिती-लडाखला जाणाऱ्यांनी मात्र बॅटरी ट्रेलरच्या आत, माणसं झोपतात त्या भागात बसवून घ्यावी.

३. डिझेल : धुराचा रंग बघा, पाइपातले बुडबुडे बघा

व्होल्टेज ठीक आहे, पंखा फिरतो, पंप वाजतो, तरी गरम हवा नाही. आता बाहेर जा आणि एक्झॉस्टकडे बघा.

धूर अजिबात नसेल तर डिझेल बर्नरपर्यंत पोचतच नाही. दाट पांढरा धूर आणि डोळ्यांना झोंबणारा डिझेलचा वास असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. म्हणजे परत व्होल्टेज बघा, नाहीतर ग्लो प्लग. काळा धूर असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. एवढं एक निरीक्षण तासाभराची खटपट वाचवतं.

डिझेल पोचत नसेल तर टॉर्च घेऊन पंपापासून हीटरपर्यंतचा पारदर्शक पाइप नीट बघा. पंपाच्या प्रत्येक 'टक'बरोबर डिझेलची बारीक रेघ कणभर पुढे सरकताना दिसते. मधूनमधून मोहरीएवढा बुडबुडा आला तर चालतं. पण बोटभर लांबीचे हवेचे तुकडे सरकत असतील, तर लाइनने एअर घेतली आहे. हवा नेहमी पंपाच्या आधीच्या बाजूने शिरते, कारण तिथे ओढ असते. पंपाच्या पुढे जोड सैल असेल तर डिझेल बाहेर ठिबकतं, आत हवा जात नाही. म्हणून टाकी ते पंप एवढाच टप्पा तपासायचा : टाकीवरचा जोड, फिल्टरची दोन तोंडं, पंपाचं आत येणारं तोंड. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या वर तापलेला रबरी पाइप डिसेंबरपर्यंत टोकाशी कडक होऊन तडकतो. टोकाचा इंचभर भाग कापून टाका, नव्या जागी चढवा, क्लिप घट्ट करा. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं.

नंतर एअर काढावी लागते. बऱ्याच कंट्रोलरवर (हीटर चालू-बंद करायच्या बटणांच्या डबीवर) दोन बटणं एकत्र दाबून नुसता पंप चालवण्याची सोय असते, ती मॅन्युअलमध्ये शोधून ठेवा. डिझेल हीटरच्या तोंडाशी पोचताना दिसलं की लगेच थांबवा. जास्त चालवलं तर बर्नर डिझेलने भरतो.

पंप आडवा बसवलेला असेल तर तोही दोष. त्याचं बाहेर जाणारं तोंड वरच्या दिशेला, किमान १५ अंश तिरपं हवं, म्हणजे हवा साचत नाही. ट्रेलर उतारावर उभा असेल तर टाकीतलं डिझेल एका कोपऱ्यात जातं आणि आतली नळी कोरडी पडते, हेही लक्षात असू द्या. ट्रेलरची टाकी लहान, पाच-दहा लिटरची असते, त्यामुळे थोड्या उतारानेही फरक पडतो.

आता डिझेलच्या जातीबद्दल, कारण हे सहसा कोणी सांगत नाही. थंडीत डिझेलमधलं मेण जमू लागतं आणि फिल्टर चोक होतो. भारतीय मानकात यासाठी मर्यादा दिली आहे : नोव्हेंबर ते फेब्रुवारीत विकल्या जाणाऱ्या हिवाळी डिझेलने ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिलं पाहिजे. बाकी महिन्यांतल्या डिझेलसाठी हीच मर्यादा १८ अंश आहे. प्रत्यक्षात पंपावरचं डिझेल बरेचदा याहून चांगलं असतं, पण भरवसा मर्यादेचाच धरावा. म्हणजे तुम्ही एप्रिलमध्ये भरलेलं डिझेल हीटरच्या टाकीत तसंच ठेवून जानेवारीत पचमढी गाठली, जिथे पहाटे पारा ५ अंशांच्या खाली जातो, तर हीटर अडणारच. जुनं डिझेल काढून टाका. छिंदवाडा मार्गे जात असाल तर निघण्याआधी किंवा वाटेत ताजं हिवाळी डिझेल भरा आणि हीटर थोडा वेळ चालवून ते लाइनमध्ये येऊ द्या. फिल्टरमध्ये ढगाळ, साबणाच्या पाण्यासारखं काही दिसलं तर मेण किंवा पाणी समजा. पावसाळाभर अर्ध्या भरलेल्या टाकीत हवेतला दमटपणा तळाशी पाणी होऊन साचतो. टाकी तळापर्यंत उपसल्याशिवाय ते जात नाही.

लडाखच्या वाटेवर हा प्रश्न वेगळ्याच पातळीवर जातो. तिथल्या हिवाळ्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. त्या भागात गेलात तर तिथल्याच पंपावरचं डिझेल भरा, खालून नेलेलं वापरू नका.

डिझेलमध्ये पेट्रोल मिसळून ते 'पातळ' करा असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. ट्रकवाल्यांच्या जुन्या गोष्टींतला आहे तो. ट्रेलरच्या हीटरमध्ये हे करू नका. आत माणसं झोपलेली असतात आणि पेट्रोलची वाफ एवढ्याशा ठिणगीनेही पेट घेते.

४. हवा : आत-बाहेर मिळून चार तोंडं

डिझेल हीटरला दोन वेगळे श्वास असतात. एक जळणासाठीचा : बाहेरून हवा घेणारा बारीक पाइप आणि धूर सोडणारा एक्झॉस्ट. दुसरा खोलीसाठीचा : आतली थंड हवा ओढणारं तोंड आणि गरम हवा सोडणारी जाळी. चारही मोकळी हवीत.

बाहेरच्या दोन तोंडांत आपल्याकडे हमखास सापडते ती कुंभारीण माशीची माती. ट्रेलर आठ-नऊ महिने शेडमध्ये उभा असतो, आणि तिला बोटभर रुंदीची नळी घरट्यासाठी अगदी सोयीची वाटते. बाहेरून काही दिसत नाही. आत दोन इंचांवर कडक मातीचा बुच आणि त्यात वाळलेल्या अळ्या. तार घालून अलगद फोडा, तुकडे बाहेर काढा, आत ढकलू नका. हंगाम संपल्यावर दोन्ही तोंडांना बारीक तारेची जाळी बांधली तर हा त्रास राहत नाही. जाळीला लाल कापडाची पट्टी लावा आणि तिचा फोटो कंट्रोलरवर चिकटवा, म्हणजे हीटर चालू करण्याआधी जाळी काढायची आठवण राहील.

आतल्या बाजूला लोक रजई, बॅगा, चपला नेमक्या हीटरच्या ओढीच्या तोंडाशी ठेवतात. मग हीटर तापतो, जास्त उष्णतेचा एरर देतो आणि बंद होतो. गरम हवेच्या नळीला दोन-तीन काटकोनी वळणं असतील किंवा ती कपाटामागे दबली असेल तरी हेच होतं. 'रात्री दोन तास चालतो आणि मग बंद होतो' या तक्रारीमागे बहुतेक वेळा सामानाची रचना असते.

उंचीचाही संबंध इथेच येतो. दर हजार मीटरला हवा साधारण दहा टक्क्यांनी विरळ होते, तेवढ्याच डिझेलला हवा कमी पडते, आणि काळा धूर व काजळी सुरू होते. नागपूर सुमारे ३१० मीटरवर आहे, चिखलदरा आणि पचमढी १,१०० मीटरच्या आसपास. एवढ्या फरकाने चांगला हीटर अडत नाही. मात्र स्पिती-लडाखला साडेतीन हजार मीटरच्या पुढे उंचीची सेटिंग लावावीच लागते. खरेदी करतानाच ती सोय आहे का ते विचारा.

आणि एक्झॉस्टच्या खाली काय आहे ते बघूनच ट्रेलर उभा करा. हा पाइप कागद-पालापाचोळा पेटवण्याइतका तापतो. पेंचच्या बाजूला जानेवारी-फेब्रुवारीत सागाची वाळलेली पानं घोट्यापर्यंत असतात. दोन मीटरचा पट्टा झाडून मोकळा करा, पाण्याने भिजवा, मगच हीटर लावा.

५. ग्लो प्लग आणि काजळी

वीज, डिझेल, हवा तिन्ही ठीक असतील, पांढरा धूर येतो आहे आणि आग धरत नाही, तरच आता हीटरचं झाकण उघडायचं. आधी बॅटरीची वायर काढा आणि यंत्र पूर्ण गार होऊ द्या.

ग्लो प्लगची वायर सोडवून मीटरने रोध मोजा. चांगला प्लग थंड असताना एका ओहमच्या आसपास दाखवतो, तुटलेला प्लग मीटरवर काहीच दाखवत नाही. प्लग काढताना आणि बसवताना जोर लावू नका. काही प्लग सिरॅमिकचे असतात, ते चिनीमातीच्या कपासारखे तडकतात. प्लगभोवती एक छोटी जाळी असते. ती काजळीने बुजली असेल तर प्लग चांगला असूनही आग धरत नाही, म्हणून प्लगसोबत जाळीही बदला.

काजळी का धरते ते समजून घ्या. ५ किलोवॉटचा हीटर छोट्या ट्रेलरमध्ये लावला की तो रात्रभर अगदी मंद चालतो. मंद आगीत डिझेल पूर्ण जळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की दोन-तीन जणांच्या ट्रेलरला, विदर्भ-सातपुड्याच्या थंडीत, २ किलोवॉटचा हीटर भरपूर झाला. विक्रेता मोठा घ्यायचा आग्रह करेल, तरी घेऊ नका. मोठा आधीच घेतला असेल तर रोज बंद करण्याआधी अर्धा तास पूर्ण वेगावर चालवा, म्हणजे आतली काजळी जळून जाते. खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर आत घाम फुटेल.

सलग बटण दाबत राहणं टाळा. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडं डिझेल बर्नरमध्ये साचतं. दोनदा फसलं की थांबा आणि पंखा पूर्ण थांबू द्या. पुढच्या वेळी पेटेल तेव्हा साचलेलं डिझेल दाट धूर करून जळेल. त्या वेळी सगळ्यांना ट्रेलरबाहेर, एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला उभं करा.

६. तुमचा हीटर गॅसवरचा असेल तर

परदेशी बनावटीच्या काही ट्रेलरमध्ये गॅसचा हीटर येतो. तो प्रोपेनसाठी घडवलेला असतो, आणि प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो. आपल्या सिलिंडरमधल्या एलपीजीत ब्यूटेनही मोठ्या प्रमाणात असतो, आणि तो शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचं थांबवतो. म्हणून थंड पहाटे अर्धा संपलेला सिलिंडर दाब देत नाही. शेगडी मंद जळते, हीटर पेटून विझतो. सिलिंडर हलवून पाहिला तर आत गॅस असतो, आणि मग लोक नको ते करतात : सिलिंडर आडवा पाडतात, त्यावर उकळतं पाणी ओततात. आडव्या सिलिंडरमधून रेग्युलेटरमध्ये द्रव गॅस शिरतो. यातलं काहीही करू नका. पूर्ण भरलेला सिलिंडर लावा, किंवा सकाळच्या उन्हाची वाट बघा.

घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर ट्रेलरमध्ये वापरणं नियमात बसत नाही. सिलिंडरच्या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. गॅसचं फिटिंग करून घेताना काम करणाऱ्याला २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांबद्दल विचारा. तो गोंधळला तर दुसरा माणूस शोधा. एलपीजी हवेहून जड असतो, त्यामुळे गळतीचा अलार्म जमिनीलगत लावायचा. गळतीसाठी मदत क्रमांक १९०६.

७. काहीच जमलं नाही तर रात्र कशी काढायची

कोळशाची शेगडी आत घ्यायची नाही. गॅसची शेगडी हीटर म्हणून लावायची नाही. खिडकी किलकिली ठेवली म्हणूनही नाही. उत्तरेकडे दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेली माणसं जातात, आणि ट्रेलर तर खोलीहून कितीतरी लहान. रात्री कोणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली, तर ती थंडी बाधली असं समजू नका. सगळ्यांना लगेच बाहेर मोकळ्या हवेत काढा, हीटर बंद करा आणि १०८ ला फोन लावा. अलार्म वाजला नसला तरी हेच करायचं.

पाणी बाहेर, उघड्यावर तापवून रबरी पिशव्यांत भरा आणि पांघरुणात पायाशी ठेवा. गादीखाली जाड सतरंजी किंवा पुठ्ठे घाला, थंडी खालून जास्त लागते. खिडक्यांवर आतून चादरी लावा, छताची हवेची फट मात्र उघडी राहू द्या. सोबत तान्हं बाळ किंवा वयस्कर माणूस असेल तर हट्ट न करता जवळच्या लॉजमध्ये खोली घ्या.

सकाळी विक्रेत्याला किंवा गाडीच्या वायरमनला फोन कराल तेव्हा नुसतं 'चालत नाही' म्हणू नका. चार गोष्टी लिहून ठेवा : हीटरच्या प्लगवर भाराखाली किती व्होल्ट होते, धूर कोणत्या रंगाचा होता की नव्हताच, पाइपात बुडबुडे होते का, आणि कंट्रोलरवर कोणता कोड आला. एक्झॉस्टचा आणि पाइपातल्या डिझेलचा छोटा व्हिडिओ काढून ठेवलात तर तो पाठवा. एवढं हाती असलं की समोरचा माणूस बहुतेक वेळा फोनवरच काय आणायचं ते सांगतो, आणि तुम्हाला ट्रेलर ओढत वर्कशॉपला न्यावा लागत नाही.